कागदावर नसलेलं नाव

"झाडाला कुटं गाडी धरायची हाय?"

कुणी घाई केली की भाऊ हेच म्हणायचे. कलमाचा चाकू लेंग्यावर अलीकडून पलीकडून दोनदा पुसायचे आणि तोंडातलं पान थुंकायचे. विड्याचं पान नव्हे, आंब्याचंच. कलमाला फांदी निवडण्याआधी तिचं एक कोवळं पान ते चावून बघत. तोंड कडू झालं की म्हणत, "जगंल." नुसतं तुरट लागलं की ती फांदी सोडून पुढची धरत. यात खरं किती, मला ठाऊक नाही. पण त्यांनी "जगंल" म्हटलेलं कलम मेलेलं मी बावीस वर्षांत पाहिलं नाही.

तुम्ही लोणावळ्याला आलात तर कुसगावच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर ही बाग दिसेल. हल्ली तिथं गेट आहे, गेटावर वॉचमन आहे, आत बसायला बाकडी आहेत. सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग लागते. लोक झाडाखाली उभे राहून फोटो काढतात, आंब्याची पेटी घेतात आणि जातात. मी तिथंच शेडमध्ये आंबे निवडायला असते. तुम्ही मला पाहिलंही असेल. डोक्यावर पदर घेऊन खाली मान घालून बसलेली, ती मी.

मला माणसांत बोलता येत नाही. लहानपणापासून तसंच आहे. दुकानात चार माणसं असली तर ती जाईपर्यंत मी बाहेर उभी राहते. शाळा चौथीपर्यंतच झाली, कारण पाचवीसाठी नदीपलीकडे जावं लागायचं. पण वाचायला मला आवडायचं. पुडीचा कागदसुद्धा मी वाचल्याशिवाय टाकत नसे. बागेत कामाला लागले तेव्हा बायांमध्ये वाचता येणारी मी एकटीच. भाऊंना ते कळल्यावर त्यांनी माझं नाव पाडलं, मास्तरीण.

"ए मास्तरीनबाई, ह्या बाटलीवर काय ल्हिलंय बग. पोटात घ्यायचं का झाडाला मारायचं?"

त्यांना अक्षर येत नव्हतं. एसटीची पाटी, लग्नाची पत्रिका, डोळ्याच्या औषधाची चिठ्ठी, सगळं माझ्याकडे यायचं. मी वाचायचे तेव्हा ते माझ्या तोंडाकडे असं बघायचे, जसं काही ते मीच लिहिलं आहे. उभ्या आयुष्यात माझं बोलणं इतकं मन लावून दुसऱ्या कुणी ऐकलं नाही. माझ्या नवऱ्यानंही नाही.

बागेची गोष्ट मला भाऊंनी सांगितली, आणि थोडी बागेच्या थोरल्या मालकांनी. दोघांची सांगण्याची तऱ्हा वेगळी, पण गोष्ट एकच होती, म्हणून ती खरी मानायची.

थोरल्या मालकांनी तरुणपणी कोकणातून हापूसची कलमं आणली. उतारावर खड्डे घेतले, ओळीनं लावली. झाडं वाढली, मोहोरही यायचा, पण आमच्याकडचं धुकं तुम्हाला माहीत आहे. मोहोर काळा पडून गळायचा. चार वर्षं, पाच वर्षं, फळ नाही. गावातले लोक येता-जाता विचारायचे, "मालक, सरपण कधी काढताय?" मालकांच्या वडिलांनी झाडं तोडून भात घ्यायचं ठरवलं होतं.

भाऊ तेव्हा त्यांच्याकडे गुरांमागे होते. कलमं बांधायला ते मामाकडे शिकून आले होते, पण ते कुणाला माहीत नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. ओढ्याच्या काठाला एक रायवळ आंबा होता. कुणी लावला नाही, आपोआप रुजलेला. भाऊ त्याच्या सावलीत दुपारी पडायचे. त्यांच्या ध्यानात आलं की हा आंबा मोहोरायला उशीर करतो. सगळीकडचं धुकं सरलं की मग हा फुलतो, आणि पाऊस पडायच्या आत पिकून मोकळा होतो. फळ मध्यम, पण गरात रेषा नाही, रस दाट, आणि साल इतकी जाड की पेटीतून कुठंही जावं.

"मी मालकास्नी म्हनलं, तुमच्या बागंतली झाडं लय उतावीळ हायत. ही म्हातारी शानी हाय. हिची लेकरं लावा."

भाऊ त्या झाडाला म्हातारीच म्हणायचे. मालक हसले, मग थांबले, मग म्हणाले, "दहा बांधून दाखव." भाऊंनी दहा बांधली. पुढच्या वर्षी वीस. हापूस एकेक करून निघाले आणि त्यांच्या जागी म्हातारीची लेकरं लागत गेली. आज उतारावर जी झाडं उभी आहेत, ती सगळी त्या एका झाडाची आणि त्या एका माणसाच्या हातची. एकही कलम विकत आणलेलं नाही. बागेचा इतिहास म्हणाल तर एवढाच आहे.

मी कामाला लागले तेव्हा वरच्या अंगाच्या शेवटच्या दोन ओळी व्हायच्या होत्या. भाऊंना हाताखाली माणूस हवं होतं. पुरुष टिकायचे नाहीत, कारण भेट कलमाचं काम म्हणजे नुसतं धरून उभं राहायचं. कोयीपासून केलेलं रोप कुंडीत असतं. आईझाडाच्या फांदीजवळ लाकडाचा मांडव करून कुंडी त्यावर ठेवायची. रोपाची साल थोडी तासायची, फांदीची साल थोडी तासायची, आणि दोघांना भेटवून बांधायचं. हे सगळं पावसात. अंगावर प्लास्टिक, पायाला जळवा, आणि भाऊंचं चाललेलं असायचं, "धर. हालू नगंस. तुला बोलायला येत न्हाई हेच बरं हाय, बोलनाऱ्या बाईचा हात हालतो."

दोन-अडीच महिन्यांनी दोघांचा जीव एक झाला की आईकडची फांदी कापायची. भाऊ त्याला नाळ तोडणं म्हणायचे. त्या दिवशी म्हातारीच्या बुंध्याला हळदकुंकू लावायचं, आणि ते बाईनंच लावायचं असा त्यांचा नियम.

"बाळंतपनात बापयाचं काय काम? तू लाव. मी आपला तोडनारा."

मी हळदकुंकू लावायचे. ते चाकू पुसायचे, एका दमात फांदी कापायचे आणि कुंडी माझ्या हातात द्यायचे. "पडलं तर तुजं लेकरू, जगलं तर माजं."

दर झाडाचं पहिलं फळ थोरले मालक भाऊंना द्यायचे. नुसतं द्यायचे नाहीत. सगळ्या कामकऱ्यांना बोलावून, नारळावर ठेवून द्यायचे आणि म्हणायचे, "हे भाऊचं झाड." भाऊ ते फळ कपाळाला लावायचे. पण खायचे नाहीत. ओढ्यावर जाऊन म्हातारीच्या बुडाशी ठेवून यायचे. एकदा मी विचारलं, "भाऊ, तुमी का खात न्हाई?" म्हणाले, "आगं, नातवाचं तोंड आजीनं आदी बगायचं आसतं."

थोरले मालक गेले. मधली काही वर्षं बाग नुसतीच चालू राहिली. मग त्यांचा नातू पुण्याहून शिकून परत आला. आम्ही त्यांना धाकटे मालक म्हणतो. वाईट माणूस नाही, हे मी आधीच सांगते. पगार वेळेवर देतात, कुणावर आवाज चढवत नाहीत. बागेत पाहुणे आणायची कल्पना त्यांची, आणि त्यामुळेच आज आमच्या चुली पेटतात.

पाहुण्यांना वाचायला बागेचा इतिहास छापायचं त्यांनी ठरवलं. त्यासाठी पुण्याहून एक मुलगी आली. आंब्याचे दिवस होते. आम्ही शेडमध्ये पेंढ्यात आंबे लावत होतो. मुलगी गोड होती, आमच्यात जमिनीवर बसली, हाताला चीक लागला तरी काही म्हणाली नाही. वही उघडून तिनं विचारलं, "मावशी, या बागेतली पहिली कलमं कोणी बांधली?"

बायांनी मला ढोसलं. "हिला इचारा. ही शिकल्याली हाय. भाऊंच्या संगट ही आसते."

भाऊ तिथं नव्हते. वरच्या अंगाला झाडांना आळी करत होते. धाकटे मालक मात्र दारात उभे होते. ते हसून म्हणाले, "आमच्या आजोबांनीच ना? कोकणातून आणली होती सगळी. काय हो मावशी?"

त्यांना खरंच तसं वाटत होतं. त्यांच्या लहानपणी झाडं मोठी झालेली होती. आजोबांनी कोकणातून कलमं आणली हे घरात ऐकलेलं, ती काढून टाकली हे कुणी सांगितलं नसेल. मला फक्त तोंड उघडायचं होतं. "न्हाई मालक, ती काढली. ही भाऊंची." एवढंच. दहा अक्षरं असतील नसतील.

मी मान हलवली. होकाराची.

लाजाळूपणामुळं झालं असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. पण त्याच महिन्यात माझ्या सुनेला बागेच्या स्वयंपाकघरात कामाला घेणार होते, आणि ते माझ्या डोक्यात होतं. दारातल्या माणसाला खोटं पाडायचं नाही, एवढा हिशोब मला त्या क्षणात करता आला. लाजाळू माणसालाही हिशोब येतो.

संध्याकाळी भाऊ हात धुताना म्हणाले, "ती पोरगी काय इचारत व्हती?"

"बागेचं."

"म्हातारीचं सांगितलंस का?"

"सांगितलं."

"आन माजं?"

"सांगितलं, भाऊ."

त्यांनी हात लेंग्यावर पुसले. पण घरी जाताना वाटेत नेहमी माझ्यापुढं चालणारा तो माणूस त्या दिवशी उगाच दोनदा थांबून झाडांकडे बघत होता.

दिवाळीच्या सुमाराला कागद छापून आला. गुळगुळीत, तीन घड्यांचा, आंब्याचं रंगीत चित्र. धाकट्या मालकांनी कामकऱ्यांना एकेक दिला. भाऊ तो दोन्ही हातांत धरून सरळ माझ्याकडे आले. पालथं घमेलं ओढलं, त्यावर बसले.

"हं, मास्तरीन. वाच."

मी वाचायला लागले. डोंगर, हवा, थोरल्या मालकांचे कष्ट, कोकणातून आणलेली कलमं, तीन पिढ्यांचा वारसा. भाऊ ऐकत होते. ओढ्यावरच्या झाडाचं नाव नव्हतं. भाऊंचं नव्हतं. मी शेवटाकडे येत होते आणि ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"आमचं कुटं हाय?"

तेव्हा मी काय केलं ते लिहायला हात धजत नाही. मी कागद जरा वर धरला आणि वाचलं, "ही सर्व कलमे बागेतील जुने व अनुभवी कामगार," आणि त्यांचं नाव घेतलं, आडनावासकट, "यांनी ओढ्याकाठच्या आंब्यापासून स्वतःच्या हातांनी बांधली."

कागदावर त्या जागी फोन नंबर होता.

"परत वाच."

मी परत वाचलं. ते भुवया चढवून म्हणाले, "मगाशी 'स्वताच्या हातांनी' म्हनलीस. आता 'आपल्या हातांनी' म्हनतीस."

"दोनी ल्हिलंय भाऊ. दोनदा ल्हिलंय."

"दोनदा?" ते खुलले. "दोनदा कशापायी? एकदा बास व्हतं की."

तो कागद त्यांनी औषधाच्या प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवला. पुढं महिना-दोन महिने तो कागद कुसगावात सगळ्यांना दिसला. न्हावी, चहावाला, पिठाची गिरणी. ते कुणाला वाचायला देत नसत. नुसता उलगडून दाखवायचे आणि तोंडपाठ म्हणायचे, "जुने व अनुभवी." न्हावी म्हणाला, "भाऊ, जुने तर आमाला बी दिसताय, अनुभवी कशावरनं?" तर भाऊ म्हणाले, "छापून आलंय. तुज्या दाढीचं कुटं छापून आलंय का?"

मी हसायचे. वाटायचं, काय बिघडलं? म्हातारा माणूस खूश आहे. कुणाचं काय गेलं?

माघात त्यांच्या नातीचा साखरपुडा ठरला. भाऊंची लेक वडिवळ्याला दिलेली, कार्यक्रम तिच्या दारात. भाऊंना बायको नव्हती, ती आधीच गेली होती. त्यांनी मला आणि आमच्या शेजारच्या आक्काला बरोबर घेतलं. म्हणाले, "आमच्याकडनं बाया दिसाया पायजेत." सकाळी निघताना मी पाहिलं, बंडी नवी होती, आणि खिसा फुगलेला होता. खिशात काय आहे ते मला तेव्हाच कळलं. तरी मी बोलले नाही.

मुलाकडचे लोक तळेगावचे. घर चांगलं, शिकलेलं. मुलाचे चुलते गुरुजी होते, निवृत्त झालेले. मांडवात पुरुष एका बाजूला, आम्ही बाया दुसऱ्या बाजूला. ओटी झाली, साखर वाटली. मग चहा येईपर्यंत गप्पा सुरू झाल्या. कुणीतरी भाऊंना विचारलं, "पाहुणे, तुम्ही काय करता?"

"बागंत हाय," भाऊ म्हणाले. आणि त्यांनी खिशात हात घातला. "छापून आलंय आमचं. गुरुजी, तुमीच वाचा. मोट्यानं वाचा, समद्यास्नी ऐकू द्या."

गुरुजींनी चष्मा लावला. त्यांचं वाचन फार सुंदर होतं. एकेक शब्द सुटा, जसा शाळेत ऐकला होता तसा. मांडव शांत झाला. डोंगर, हवा, थोरल्या मालकांचे कष्ट, कोकणातली कलमं. भाऊ मान डोलवत होते. तीन पिढ्यांचा वारसा. भाऊंनी शेजारच्याच्या मांडीवर हात ठेवला, आता येतंय म्हणून. गुरुजींनी फोन नंबर वाचला. खालची ओळही वाचली, "कृपया पाळीव प्राणी आणू नयेत." आणि कागद मिटला.

मग गुरुजी मऊ आवाजात म्हणाले, "तुमचं नाव कुठं आहे, पाहुणे? मागच्या पानावर आहे का?" त्यांनी कागद उलटून पाहिला. मुलाकडचा एक दाढीवाला हसून म्हणाला, "पाळीव प्राण्यांत बघा, गुरुजी." दोघं-तिघं हसले. गुरुजींनी त्याच्याकडे डोळे वटारले.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं.

मांडवाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळ्या बायांमधून त्यांनी बरोबर मला शोधलं. रागानं नाही. वाचताना बघायचे तसंच, तोंडाकडे. जणू मी आता काहीतरी म्हणेन आणि ते ऐकतील. मी उठून म्हणायला हवं होतं, "कागद खोटा हाय. मी डोळ्यानं पाहिलंय, कलमं ह्यांनी बांधलीत, कुंडी मी धरली व्हती." तिथं धाकटे मालक नव्हते. सुनेचं कामही लागून गेलं होतं. आता कसलाही हिशोब नव्हता. माझ्या मांडीवर साखरेची पुडी होती, ती मी इतकी आवळली की फाटून साखर लुगड्यावर सांडली. मी ती वेचत बसले.

मग भाऊंचं हसणं ऐकू आलं.

"आरं, ह्यो दुसराच कागद! दोन परकारचे छापल्यात. ह्यो पाहुन्यांचा, आमचा येगळा हाय. अडानी मानूस मी, हाताला लागंल त्यो उचलून आनला. कपाळ माजं!" आणि त्यांनी खरंच कपाळावर हात मारला. सगळे मोकळे होऊन हसले. गुरुजी म्हणाले, "असू द्या, असू द्या, आम्हाला माणूस पुरे." चहा आला.

त्यांच्या लेकीच्या तोंडावरचा रंग मात्र गेला होता. सोयऱ्यांपुढं बाप अडाणी ठरला, तोही स्वतःच्या तोंडानं. तिला काय माहीत, त्यानं कुणाला झाकलं.

परत येताना कामशेतपर्यंत सहा आसनी रिक्षात मी त्यांच्या समोरच बसले होते. आक्का आपली पोह्यात मीठ जास्त झालं म्हणून बोलत होती. मी वाट बघत होते की भाऊ काहीतरी म्हणतील. शिवी दिली असती तरी चाललं असतं. एकदाच ते बोलले. "हिकडं बस, तितं वारं लागंल." मी जागा बदलली.

त्या दिवसानंतर त्यांनी मला मास्तरीण म्हटलं नाही. "बाई" म्हणायचे. कामाचं सगळं नीट बोलायचे, धर, सोड, पाणी घाल. पण वाचायला काही आणलं नाही. डोळ्याच्या औषधाची चिठ्ठी घेऊन ते गेटावरच्या वॉचमनकडे गेले. तो बिहारचा. मराठी चिठ्ठी तो हिंदीत लावून वाचत होता, आणि भाऊ त्याच्या तोंडाकडे बघत होते. मी दहा पावलांवर आंबे पुसत होते.

आक्का म्हणाली, "आगं, तू हितं आसताना भाऊ त्याच्याकडं का गेलं?" मी म्हटलं, "माजा चष्मा न्हाई आज." मी चष्मा लावतच नाही.

त्या पावसाळ्यात त्यांनी कुणाला हाताखाली घेतलं नाही. दोन-तीनच कलमं बांधली, वाऱ्यानं मोडलेल्या झाडांच्या जागी लावायला. कुंडी दोरीनं मांडवाला बांधून घेतली आणि एकट्यानं काम केलं. हळदकुंकवाच्या दिवशी मला बोलावतील म्हणून मी पुडी करून ठेवली होती. बोलावलं नाही. संध्याकाळी ओढ्यावर गेले तर म्हातारीच्या बुंध्याला हळदकुंकू होतं, जाड बोटांनी, वेडंवाकडं लावलेलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांना धाप लागू लागली. पाऊस सुरू व्हायच्या आत लेक येऊन त्यांना वडिवळ्याला घेऊन गेली.

त्याच उन्हाळ्यात धाकट्या मालकांनी गाड्या लावायला जागा करायचं काम काढलं होतं. ओढ्याच्या अंगाची माती मशीननं काढून सपाट केली. झाडाला कुणी हात लावला नाही, मालकांनी तसं बजावलंही होतं. पण म्हातारीच्या एका अंगाच्या मुळ्या उघड्या पडल्या. श्रावणात सलग आठ दिवस झोडपलं आणि नवव्या दिवशी सकाळी ती ओढ्यात आडवी झालेली दिसली. पानं दोन दिवस हिरवीच होती.

गणपती झाल्यावर मी वडिवळ्याला गेले. एकटी. एकटीनं एसटीत बसून कुणाच्या घरी जाणं मी आयुष्यात पहिल्यांदा केलं. धरण भरलेलं होतं, भात पोटरीला आलं होतं. वाटेनं मी मनात घोकत होते काय बोलायचं ते.

भाऊ आतल्या खोलीत खाटेवर होते. निम्मे झाले होते. लेकीनं उशी लावून बसवलं.

"आली का बाई. कशी आलीस?"

"एसटीनं."

"पाटी वाचून?"

त्यांनी टोमणा मारला की साधं विचारलं, मला अजून कळलेलं नाही. मी म्हटलं, "व्हय." मग म्हटलं, "भाऊ, त्यो कागद..."

त्यांनी हात वर केला. "म्हातारी कशी हाय?"

लेक दारातून मला खुणा करत होती, सांगू नका. आधी येऊन गेलेल्या सगळ्यांनी "बरी हाय" सांगितलं होतं, हे तिनं मला बाहेर सांगितलं होतं. मलाही तेच म्हणता आलं असतं. खोटं वाचण्यात माझा हात बसलेला होता. पण ते पुन्हा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"पडली, भाऊ. श्रावनात."

लेकीनं कपाळाला हात लावला. भाऊंनी खाटेची कड धरली. छाती भात्यासारखी चालली होती.

"कुनावर पडली?"

"कुनावर न्हाई. वढ्यात."

"मंग बरं." थोड्या वेळानं म्हणाले, "समदी म्हनत्यात बरी हाय. बरी आसती तर कुनी तरी सांगितलं आसतं ना, पालवी आली, फांदी मोडली, कायतरी. नुसतं बरी हाय कुनी म्हनतं का?" मग म्हणाले, "कलमाला काडी घेतली का तिची कुनी?"

"काडी कशाला, भाऊ? समदी बाग तिचीच की."

"व्हय," ते म्हणाले. "ते बी खरंच."

आणि वाक्य तिथं संपत नव्हतं. पुढचं माझ्या जिभेवर होतं. आन तुमची. दोन शब्द. त्या शब्दांसाठीच मी एवढ्या लांब आले होते. भाऊ वाट बघत होते की नाही मला ठाऊक नाही. लेक चहा घेऊन आली, बशी खाली ठेवली, रागानं माझ्याकडे न बघता म्हणाली, "घ्या." मी चहा घेतला. तो गरम होता, जीभ भाजली. कप रिकामा होईपर्यंत भाऊंनी डोळे मिटले होते. एसटीची वेळ झाली म्हणून मी उठले.

"येते भाऊ."

"ये."

दिवाळीच्या आधी चार दिवस ते गेल्याचा निरोप आला.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते वडिवळ्याला गेले त्या दिवशीच, एसटीतून. थांबा त्यांच्या घरासमोरच आहे. गाडी सुटली आणि मी खिडकीतून सहज पाहिलं, तर भाऊ दारात उभे. त्यांना उठायला मनाई होती. लेक मागून ओरडत होती, "आबा, आत चला, पडाल." मी खिडकीतून हात केला. त्यांनी केला नाही. दोन्ही हातांनी त्यांनी दाराची चौकट धरली होती, आणि गाडी वळेपर्यंत ते माझ्या तोंडाकडे बघत होते.